मागून आवळलेली टोपी कपाळाला का काचते?

प्रश्न : मी घरी उन्हाळी टोप्या शिवते. मागे वेल्क्रो लावल्याने माप जुळते. परंतु कपाळावर वळ उठतो आणि केसही अडकतात. काय बदलावे?

उत्तर : दोष वेल्क्रोपेक्षा पुढच्या बाजूस अधिक असावा. डोळ्यांवर सावली धरणारा भाग ताठ असल्याने मागून टोपी आवळली, की सारा ताण त्याच्या जाड शिवणीमार्गे कपाळावर येतो. म्हणून आतून सुमारे ३ सेंटिमीटर रुंदीची, धुवट सुती कापडाची उरेब (म्हणजे तिरकी कापलेली) पट्टी अशी लावावी, की शिवणीची कड तिच्याखाली पूर्ण झाकली जाईल. नायलॉन घाम टिपत नाही. ते टाळलेलेच बरे. डोक्याचा घेर भुवया व कान यांच्या किंचित वरून मोजावा आणि त्यात १ सेंटिमीटर सैलपणा धरावा. वेल्क्रोऐवजी मागच्या बाजूस नेफा करून त्यात इलॅस्टिक ओवावे. नेफा १८ सेंटिमीटरचा असेल, तर इलॅस्टिक १३ सेंटिमीटर पुरते. ते पूर्ण घेरात घालण्याचा मोह मात्र आवरावा, कारण तसे केल्यास ताण पुन्हा कपाळावर येतो. माप वरचेवर बदलायचे असल्यास नाडी अधिक सोयीची, फक्त तिची गाठ बाहेरच्या बाजूस काढावी.