माकड मेलं तर कुणाला सांगायचं?

प्रश्न : नमस्कार, आम्ही राहतो धायरीत, पण शेती आणि गाई गावी, जुन्नरकडे, सासरे बघतात. 2020 ला टोमॅटोवर व्हायरस आला, फळं अर्धी लाल अर्धी पिवळी, अख्खा प्लॉट उपटला. 2022 ला लम्पीत, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी येणाऱ्या रोगात, एक गाय गेली. आणि 2025 च्या जानेवारीत सिंहगड रोडला जीबीएसचे (गियां-बारे सिंड्रोम, हातापायातली ताकद जाते तो आजार) पेशंट निघाले तेव्हा तर पाणी प्यायचीही भीती वाटायला लागली. गुरं, पिकं, माणसं, सगळ्यांचंच एकदम बिघडलंय का? संशोधनाचा पैसा आधी कशावर लागला पाहिजे? – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, गाय गेल्याचं वाचून वाईट वाटलं. दावणीची ती रिकामी जागा रोज डोळ्यात खुपते.

आधी भीतीचं बोलू. लम्पी माणसाला होत नाही, टोमॅटोचा व्हायरसही होत नाही, उगाच अफवा उठल्या आणि फटका बसला तो शेतकऱ्यालाच. जीबीएसचं वेगळं आहे, त्यात आधी कुठलातरी संसर्ग होतो आणि मग आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या नसांवर उलटते. पुण्यात काही पेशंटच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, तो कोंबड्यांच्या आतड्यात राहतो आणि कोंबडीला बहुतेक वेळा काही होतही नाही. म्हणजे पायातली ताकद गेली माणसाच्या, पण माग काढायला विहिरीवर, टाकीवर आणि पोल्ट्रीवरही जावं लागतं. माणूस, जनावर आणि पीक यांचं आरोग्य एकत्र बघायचं, 'वन हेल्थ' म्हणतात ते हेच.

आता पैसा कुठं, तर माझं मत स्पष्ट आहे, रोग लवकर दिसण्यावर. 1957 ला कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडायला लागली, आसपासची माणसंही तापाने फणफणली, आणि आपल्या पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या लोकांनी, म्हणजे आत्ताच्या एनआयव्हीच्या (राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या), तिथे जाऊन व्हायरस शोधला. पसरवणारी कोण, तर गोचीड. हाच माकडताप 2016 ला सिंधुदुर्गात दोडामार्गकडे आला. तिकडे जंगलात मेलेलं माकड सगळ्यात आधी बघतो तो गुराखी किंवा काजूच्या बागेत कामाला जाणारी बाई, त्यांनी कुणाला फोन करायचा, नमुना किती तासात आणि कशात घालून लॅबला जाणार, तोवर गावात काय करायचं, यावर पक्कं काम व्हायला पाहिजे. पुण्यात पाषाणला एनआयव्हीची 2012 पासून बीएसएल-4 लॅब आहे, सगळ्यात घातक व्हायरस हाताळता येतात अशी, पण नमुनाच उशिरा पोचला तर लॅब तरी काय करणार!

लम्पीचंच बघा, भारतात आला 2019 ला, ओडिशात, आणि आपल्याकडे मोठी साथ आली 2022 ला. मधे तीन वर्षं होती हो. हरियाणातल्या हिसारच्या संशोधन संस्थेने लस तयार केली ती जाहीर झाली 2022 च्या ऑगस्टमधे, तोवर आणि त्यानंतरही शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचून वेळ मारून नेली. म्हणून गुरांच्या लसींना मी दुसरा नंबर देईन.

आणि तिसरं म्हणजे अँटिबायोटिक, हे मला सगळ्यात जास्त टोचतं. गाईला कासदाह झाला की दुकानातून इंजेक्शन आणून टोचतात, डाळिंबावर तेल्या हा जिवाणूचा रोग आला की स्ट्रेप्टोमायसिनची फवारणी, आणि हेच औषध माणसाच्या टीबीवर वापरतात!! जिवाणू एकदा औषधाला सरावला की तो गोठ्यातला का बागेतला का वॉर्डातला हे बघत नाही. गोठा, बाग आणि दवाखाना तिन्हीकडचे नमुने एकाच टेबलावर तपासले पाहिजेत, आत्ता तीन खात्यांच्या तीन फायली असतात.

पिकांच्या रोगांना मात्र या चर्चेत कायम शेवटची खुर्ची मिळते, ते बरोबर नाही, प्लॉट उपटला की घरातलं ताटच आखडतं. रोपवाटिकेतच रोपं तपासायची स्वस्त सोय निघाली तर निम्मी चिंता जाईल.

सासऱ्यांना एवढं सांगा, गाईच्या अंगावर गाठी दिसल्या, ताप आला की त्याच दिवशी 1962 ला फोन लावायचा, ती गाय बाकीच्यांपासून लांब बांधायची, आणि गोठ्यातल्या माश्या, गोचीड आधी आवरायच्या. दूध उकळूनच प्या, ते तर लम्पी नसतानाही.