गोळी घेतली की आई जिंकली

“मॅडम, व्हेगन झालोय, पण अंगात त्राण नाही आणि पगार पुरत नाही.” कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या आहारसल्ल्याच्या खोलीत हे वाक्य अलीकडे सारखं ऐकू येतं. व्हेगन म्हणजे मांस-अंड्यांबरोबर दूधदुभतंही सोडलेला. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीची समोर धार काढून दूध पिणारं हे गाव. इथं कुणी मटण सोडलं तर माळ घातली म्हणतात, दूध सोडलं तर डोकं फिरलं म्हणतात.

त्यातल्याच एकाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. करवीर तालुक्यातल्या एका खेड्यातला पंचविशीचा मुलगा. शिरोली एमआयडीसीत नोकरी, शहरात भाड्याची खोली. घरी म्हशी, त्याचं इंजिनिअरिंग दर दहा दिवसांनी येणाऱ्या दूधबिलावर झालेलं. दावणीचं रेडकू डोळ्यांदेखत मेलं आणि त्यानं दूध, दही, तूप सगळं सोडलं. त्या निर्णयावर मी वाद घातला नाही, ते माझं कामच नाही. तक्रारी अशा: जिना चढताना दम, पायांना मुंग्या, चिडचिड.

“मोबाइलवर महिन्याभराच्या ऑर्डरी दाखव,” म्हटलं. बदामाचं दूध, व्हेगन चीज, प्रोटीन पावडर, परगावाहून आलेला टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर. बदामाचं दूध म्हशीच्या दुधाच्या तिपटीहून महाग आणि त्यात प्रथिनं नावाला.

“तुमच्या रानात काय असतं?”

“ऊस. खरिपाला भुईमूग, सोयाबीन.”

“सोयाबीनचं काय करता?”

“घालतो की मार्केटला,” म्हणाला आणि स्वतःच हसला.

“मग हे सगळं कशासाठी आणतोस?”

जरा वेळानं म्हणाला, “गावाकडं जाताना पिशवी भरून नेतो. आईला दिसावं, माझं काही अडत नाही.”

म्हणजे खर्च पोटावर होतच नव्हता, भांडणावर होत होता. मग मी बी-१२च्या, म्हणजे एरवी दुधा-मांसातून मिळणाऱ्या जीवनसत्त्वाच्या, गोळीचं विचारलं. घेत नव्हता. ठाऊक नव्हतं असं नाही. या विषयावर त्याचं वाचन माझ्याहून जास्त होतं.

“गोळी घेतली की आई जिंकली, मॅडम. ती म्हणणार, बघ, दूध सोडलंस म्हणून गोळ्या खायची पाळी आली.”

माहिती कमी पडते म्हणून माणसं अडतात, यावर माझा फारसा विश्वास नाही. जिथं कुणापुढं तरी मान खाली जाणार असते, तिथं ती अडतात. त्यामुळं अशा वेळी मी आहाराचा तक्ता देत बसत नाही. घरच्यांना बोलावते.

आई आल्या. गळ्यात माळ, मांडीवर डबा. “ह्याची हाडं तरी ऱ्हातील का, सांगा तुम्ही,” इथून सुरुवात. मी त्यांच्याच तब्येतीचं विचारलं.

“मला काय धाड भरलीय? गेल्या साली हातापायाला मुंग्या येत हुत्या. डॉक्टरनं सुया दिल्या, लाल लाल.”

“कसल्या?”

“कसल्या तरी बाराच्या.”

मुलगा खुर्चीत ताठ झाला. “बी-बारा? आई, तू तर दूध पितीस!”

“कुठलं पितोय मी? सगळं डेअरीला जातंय. च्यापुरतं ठेवतो.”

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मग आईच म्हणाल्या, “म्हंजे आपलं दोघांचं दुखणं एकच की रं.” त्या वेळी मी मध्ये तोंड घातलं नाही, याचं मला अजून समाधान आहे. डबा तिथंच उघडला: नाचणीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी. त्यात प्राण्याचं काहीच नव्हतं. त्यानं तो खाल्ला.

आता सगळ्यांसाठी. बी-१२ म्हैस बनवत नाही, तिच्या पोटातले जिवाणू बनवतात. गोळीतलंही जिवाणूंकडूनच येतं. तेव्हा गोळी घेणं ही हार नव्हे. इंग्लंडमध्ये १९४४ साली सुरू झालेली व्हेगन सोसायटीच सांगते, रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्याला किमान २००० मायक्रोग्रॅम घ्या. मोड आलेली कडधान्यं किंवा स्पिरुलिना नावाची शेवाळाची पूड यांवर विसंबू नका. आधीच कमतरता असेल तर डोस डॉक्टर ठरवतील. रक्त तपासताना हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्वही बघून घ्या. ड-३ बहुधा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून काढतात आणि कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं, असू शकतं. ते चालत नसेल तर डॉक्टरांना तसं आधीच सांगा.

प्रथिनांसाठी पावडर कशाला? साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम लागतात. ५० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांतच त्यातली निम्मी निघतात, उरलेली डाळ, हरभरा, शेंगदाण्यात. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. ते सगळं अंगी लागत नाही, म्हणून जोडीला तीळ आणि शेवग्याचा पाला ठेवा. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळा आणि जेवल्या जेवल्या चहा नको, कोरासुद्धा. कोल्हापुरी माणसाला हे शेवटचं सगळ्यात जड जातं, मला माहीत आहे. जवसाची चटणी आणि आयोडीनचं मीठ घरात असू द्या. महागडे डबे सणासुदीला आणा, हौस म्हणून.

बाळाचा विचार असेल, दिवस गेलेले असतील किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर बी-१२ची तपासणी टाळू नका. मुंग्या वाढल्या, चालताना तोल जाऊ लागला, तर माझ्याकडं नंतर या, आधी डॉक्टरांकडं जा. नसांना झालेली इजा उशीर केल्यास पुरती भरून येतेच असं नाही.