पीठ आणि तोरा: हात आखडता असताना कुठे, किती द्यायचं?

तोरा म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, आणि त्याच्या अभ्यासाला आर्थिक हातभार लावणं हे आमच्याकडे पुण्याचं नव्हे, कर्तव्याचं काम. दानाला हिब्रूत ‘त्सेदाका’ म्हणतात आणि तो शब्द ‘न्याय’ या अर्थाच्या धातूवरून आला आहे. बँकेतली नोकरी आणि सिनेगॉगची (आमच्या प्रार्थनास्थळाची) गब्बायकी, म्हणजे खजिनदारी, या दोन्हींत मिळून माझं बरंच आयुष्य लोकांच्या पैशांचा हिशेब ठेवण्यात गेलं. या वेळी आलेले प्रश्न बहुतेक तंगीच्या दिवसांतले आहेत.

प्रश्न : यजमानांची नोकरी गेली. आम्ही अनेक वर्षं दर महिन्याला मिळकतीचा दहावा हिस्सा काढून जेरुसलेममधल्या एका कोलेलला पाठवतो. आता घराचा हप्तासुद्धा ओढाताणीने जातो. दान थांबवलं तर पाप लागेल का? (एक वाचक, ठाणे)

ताई, आधी पाणी प्या. दहावा हिस्सा मिळकतीचा असतो, आणि मिळकतच नसेल तर दहावा हिस्सा कशाचा काढणार? शुल्हान आरुख, म्हणजे योसेफ कारो यांनी सोळाव्या शतकात लिहिलेली धर्मनियमांची संहिता, आणि तिच्यावरच्या टीपा याबाबत अगदी व्यवहारी आहेत. आधी स्वतःचा उदरनिर्वाह, मग आईवडील आणि मुलं, मग नातेवाईक, मग आपल्या गावचे गरीब, आणि त्यानंतर परगावचे. जेरुसलेमचं कोलेल (लग्न झालेले पुरुष जिथे मानधनावर दिवसभर अभ्यास करतात ती संस्था) या रांगेत तुमच्या घराच्या हप्त्याच्या पुढे उभं नाही.

उलट, उत्साहाच्या भरात सगळं देऊन टाकू नये म्हणून उशा गावच्या पंडितांनी पूर्वीच वरची मर्यादा घातली आहे: पाचव्या हिश्शाहून जास्त देऊ नये. देणारा उद्या स्वतःच मागणारा होऊ नये, एवढाच त्यामागचा विचार.

मात्र दोन गोष्टी सांभाळा. एक, वर्षानुवर्षं ठरलेली रक्कम देत आलात आणि ‘नेदर नाही’, म्हणजे हा नवस नाही, असं कधी म्हटलं नसेल, तर तिला नवसाचं बळ येतं. तो सोडवून घेण्याची साधी रीत आहे. तीन जाणत्या माणसांसमोर बसून सांगायचं. नव्याच्या सणाच्या (आमच्या नववर्षाच्या) आदल्या दिवशी अनेक घरांत हे होतंच. तुमच्या हझानांना, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारा. दुसरी गोष्ट, संस्थेला दोन ओळी लिहून कळवा. पैसे नुसतेच यायचे थांबले की तिथला कारकून चार महिने वाट बघत बसतो. मी बसलो आहे म्हणून सांगतो.

आणि पूर्ण शून्यावर येऊ नका. दानावर जगणाऱ्यानेही थोडंसं दान द्यावं, असं तालमूद (पंडितांच्या धर्मचर्चांचा मोठा ग्रंथ) म्हणतो, आणि कमीत कमी किती, तर वर्षाला एक तृतीयांश शेकेल, म्हणजे काही ग्रॅम चांदी. आमच्या घरी बोर्नव्हिटाचा पत्र्याचा डबा होता. वडिलांनी छिन्नीने झाकणाला चीर पाडलेली. कडा नीट ठोकल्या नव्हत्या, त्यामुळे बोट घातलं की खरचटायचं. (बोट का घातलं होतं हे आईने विचारलं, तेव्हा मी उत्तर दिलं नाही.) शुक्रवारी सूर्य बुडण्याआधी, शब्बाथचा (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा) दिवा लावण्याअगोदर, आई त्यात नाणं टाकायची. गिरणीच्या संपाच्या वर्षात ते नाणं पाच पैशांचं झालं, पण शुक्रवार चुकला नाही. तुम्ही दहा रुपये टाका.

प्रश्न : मी ज्यू नाही, इतिहासाचा विद्यार्थी आहे. लोक उपाशी असताना धडधाकट माणसांना केवळ पोथ्या वाचायला पैसे देणं मला पटत नाही. तुम्हाला पटतं? (पुणे)

हा वाद आमच्या घरातलाच आहे, आणि तुमच्या बाजूने बोलणारा माणूस लहानसहान नाही. मोशे बेन मैमोन, म्हणजे रंबाम, बाराव्या शतकातले कैरोचे पंडित आणि वैद्य. त्यांनी स्वच्छ लिहिलंय की काम न करता तोराचा अभ्यास करायचा आणि दानावर जगायचं असं जो ठरवतो, तो देवाच्या नावाला काळिमा फासतो.

पण रंबाम स्वतः तरुणपणी कशावर जगले? धाकटा भाऊ डेव्हिड व्यापार करायचा. तो जवाहिऱ्या होता. भाऊ बाजारात कमवायचा आणि मी निर्धास्त बसायचो, असं त्यांनीच एका पत्रात कबूल केलंय. डेव्हिडचं एक पत्र आजही केंब्रिजला आहे. तांबड्या समुद्रावरच्या आयधाब बंदरातून लिहिलेलं. वाळवंटात हाल झाले, बंदरात घेण्याजोगा माल उरलेला नाही, तेव्हा मी आता हिंदुस्थानाकडे निघतो, असं त्यात आहे. तो आपल्याकडे पोचला नाही. हिंदी महासागरात जहाज बुडालं. त्याच्यासोबत घरचा पैसा गेला आणि दुसऱ्यांचाही. मागे विधवा आणि लहान मुलगी राहिली. रंबाम वर्षभर अंथरुणाला खिळून होते. पुढे घर चाललं ते वैद्यकीवर, सुलतानाच्या दरबारात रोज हेलपाटे घालून.

त्यांची ती कडक ओळ मी या हकिकतीच्या उजेडात वाचतो. विशेष म्हणजे, पंडिताने आपलं भांडवल व्यापाऱ्याकडे द्यावं आणि त्याने ते फिरवून नफा द्यावा, याला त्यांची हरकत नव्हती. त्यांचा राग भागीदारीवर नव्हता, हात पसरण्यावर होता.

याच भागीदारीला परंपरेत इस्साखार आणि जेबुलून यांची जोडी म्हणतात. याकोबाच्या या दोन मुलांपैकी जेबुलूनचे वंशज समुद्रावर व्यापार करत, इस्साखारचे अभ्यास करत, आणि नफा व पुण्य निम्मं निम्मं. अट एकच: करार आधी व्हायला हवा. अभ्यास झाल्यावर पुण्य विकत मिळत नाही. कारोंनी मात्र रंबामना उत्तर दिलं की पंडितांना पोटापाण्याची सोय नसती, तर तोरा केव्हाच विसरली गेली असती. ‘पीठ नसेल तर तोरा नाही, तोरा नसेल तर पीठ नाही,’ हे मिश्नातलं (मिश्ना म्हणजे तालमूदचा मूळ गाभा) वचन दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने वापरतात.

आता माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. भुकेला आधी, यात वादच नाही. ओलिसांची सुटका तर त्याच्याही आधी. पण सुदृढ माणसाने आयुष्यभर मानधनावर राहावं, हे मला जड जातं. मुलांना शिकवणाऱ्याला पगार देणं मात्र अजिबात जड जात नाही. ‘मंदिर बांधण्यासाठीसुद्धा शाळेतल्या मुलांचा अभ्यास थांबवू नये,’ असं तालमूद म्हणतो, आणि इथे मंदिर म्हणजे जेरुसलेमचं, दुसरं तिसरं कुठलं नव्हे.

जाता जाता, तुम्ही इतिहासवाले म्हणून. रंबामनी उतारवयात फ्रान्समधल्या लुनेलच्या पंडितांना लिहिलेल्या पत्रात हिंदुस्थानातल्या ज्यूंचा उल्लेख आहे: त्यांना लिखित तोरा ठाऊक नाही, फक्त शब्बाथ आणि आठव्या दिवसाची सुंता ठाऊक आहे. ते आम्हीच, कोकणातले शनवार तेली, म्हणजे बेने इस्राएल, असं बरेच अभ्यासक मानतात. शिकवणारं कोणी नसलं की काय उरतं, ते त्या एका वाक्यात आहे.

प्रश्न : वडिलांच्या स्मरणार्थ पन्नास हजार बाजूला ठेवले आहेत. सिनेगॉगचं छप्पर गळतंय, शिवाय मुलांच्या रविवारच्या हिब्रू वर्गाला मानधनाअभावी शिक्षक मिळत नाही. दोन्हींना पुरणार नाही. काय करू? (अलिबाग तालुका)

शुल्हान आरुखमध्ये याचं जवळजवळ थेट उत्तर आहे. सिनेगॉगला देणं मोठं, पण तोरा शिकणाऱ्या मुलांना किंवा गरीब आजाऱ्यांना देणं त्याहून मोठं. तेव्हा वर्ग.

छपराला लोक मिळतात, कारण छपराखाली नावाची पाटी बसते. शिक्षकाच्या मानधनावर पाटी कुठे ठोकणार? एका ठिकाणी (नाव सांगत नाही) नवे झुंबर लागले त्याच वर्षी हिब्रू शिकवणाऱ्या बाईंचं चार महिन्यांचं मानधन थकलं होतं. सभेत मुकादमांनी (सिनेगॉगच्या प्रमुखांनी) झुंबराबद्दल आभार मानले, आणि बाई मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवत होत्या. मीही वाजवल्या. खजिनदार मीच होतो.

आपल्याकडे या वाटेने गेलेले लोक आहेत. हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७५ मध्ये मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढली. पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीने ती सावरली आणि तिला त्यांचं नाव मिळालं. समाजातली कित्येक माणसं तिथून हिब्रू अक्षरं गिरवून बाहेर पडली. एवढं मोठं काम आपल्याच्याने होणार नाही, पण पन्नास हजारांत एका शिक्षकाला वर्षभर महिना चार हजारांच्या आसपास देता येतात. पैसे एकरकमी देऊ नका, दर महिन्याला द्या, म्हणजे वर्ग चालू आहे की नाही ते आपोआप कळतं.

फक्त एकदा वर चढून बघा. पाणी विजेच्या तारांवर गळत असेल, तर आधी तेवढी गळती बंद करा. जिवाला धोका असेल तिथे जवळजवळ कुठलाच नियम पुढे येत नाही.

प्रश्न : आम्ही अश्दोदला असतो. आजोबांच्या गावच्या सिनेगॉगला पैसे पाठवले, ते बँकेने परत केले. आपल्याच माणसांना द्यायला ही अडचण का? (अश्दोद, इस्राएल)

कारण भारतीय कायद्याच्या नजरेत तुम्ही परदेशी स्रोत आहात. इस्राएली नागरिकत्व घेतलं की, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी, तुमची देणगी ‘विदेशी अंशदान’ ठरते. ती घेण्यासाठी ट्रस्टला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांबाबतच्या कायद्याखाली नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेमार्फत पुढे वळवण्याची वाटही त्याच दुरुस्तीने बंद झाली. गावच्या लहान ट्रस्टकडे ही नोंदणी सहसा नसते. भाच्याच्या खात्यात टाकून त्याच्या नावाने देणगी दाखवण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो घेऊ नका, ट्रस्टी अडचणीत येतात. कुटुंबात अजून भारतीय पासपोर्टवर असलेलं कोणी असेल, तर त्याने स्वतःच्या कमाईतून रीतसर बँकेमार्फत द्यावं, ते चालतं. नाहीतर तिथेच द्या. अश्दोद, लोद, दिमोनात मराठी बोलणारी म्हातारी माणसं आणि शिकणारी नातवंडं काही कमी नाहीत.

इथल्या दात्यांसाठी एक पुरवणी: केवळ एका धर्मसमाजासाठी असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी करसवलत सहसा मिळत नाही. पावती मात्र मागाच.

प्रश्न : आमच्या शेजारच्या ज्यू कुटुंबाचं घर बंद झालं, मुलं परदेशी. आम्ही हिंदू. त्यांच्या आईच्या नावाने काही द्यावंसं वाटतं. चालेल का? आणि त्यांनी आमच्याकडे पुस्तकांची एक ट्रंक ठेवली आहे, तिचं काय? (रेवदंडा)

चालेल, आनंदाने घेतील. दुसऱ्या धर्माच्या माणसाने सिनेगॉगला दिलेली भेट स्वीकारण्याची प्रथा जुनी आहे.

पण तुमच्या पत्रातलं दुसरं वाक्य वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. पेसाहच्या (इजिप्तमधून झालेल्या सुटकेच्या सणाच्या) रात्री वाचायची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये छापली गेली, आणि १८७४ मध्ये पुण्यात चित्रांसह आणखी एक निघाली. असली पुस्तकं अशाच ट्रंकांमध्ये सापडतात. ट्रंक उन्हात उघडू नका, वाळवीची पावडर पुस्तकांवर थेट टाकू नका, चिकटलेली पानं सोडवायला जाऊ नका. आधी मुलांना फोन करून परवानगी घ्या. मग प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा (हिब्रू पुस्तक उजवीकडून सुरू होतं, तेव्हा ‘शेवटचं’ वाटेल तेच पहिलं) आणि जवळच्या सिनेगॉगला दाखवा. देवाचं नाव असलेली फाटकी पानंसुद्धा आमच्यात टाकून देत नाहीत, ती जपून ठेवतात आणि पुढे पुरतात. म्हणून रद्दीवाला दारावर आला, तर ट्रंक त्याच्या नजरेलाही पडू देऊ नका.