पळायला सुरुवात करतोयस, तर आधी एवढं ऐक

गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या पुढे जायचा हट्ट धरू नकोस. पहिला महिनाभर भरभर चाल, मधेमधे मिनिटभर पळ. सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी कर. घड्याळातल्या आकड्यांपेक्षा मला हीच खूण भरवशाची वाटते.

तू १७ वर्षांचा. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयोगटाला रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सुचवते. क्लासला सायकलने गेलास तर तीही मिनिटं त्यातच धर. नियमित व्यायामाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, म्हणून बसल्या जागची नाडी हळूहळू उतरते. सकाळी अंथरुणातच मोजून वहीत लिही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पळताना छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, धडधड विचित्र वाटली, तर तिथेच थांब आणि डॉक्टरांना दाखव. पित्त असेल म्हणून अंगावर काढू नकोस. घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं होतं का, हे आईबाबांना आजच विचार. हा विषय कुणी आपणहून काढत नाही. तसं असेल तर आधी तपासणी, मग ट्रॅक. तापात तर पळायचंच नाही, कारण विषाणूंचा संसर्ग क्वचित हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचतो.

पांडवलेणीच्या पायऱ्या दोनेक महिन्यांनी घेऊ, त्याही चालतच. तोवर रविवारी सकाळी ट्रॅकवर ये, मी असतोच.