ग्राहकाची ई-स्कूटर गाळ्यात जळाली तर भरपाई कुणाची?

परभणीच्या मोंढ्यात ई-स्कूटर आणि ई-रिक्षा दुरुस्तीचा गाळा टाकणाऱ्या दादांनी दोन गोष्टी विचारल्यात. बँकेने कर्जासोबत काढायला लावलेली फायर पॉलिसी पुरेल का, आणि 'गाडी मालकाच्या जबाबदारीवर' असा बोर्ड लावला तर भागेल का?

बोर्डावर विसंबू नका. गाडी ठेवून घेतली की ती तुमच्या ताब्यात. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १५१ म्हणतं, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी तुम्ही घ्यायची. ती घेतली असेल तर कलम १५२ तुम्हाला वाचवतं, पण घेतली हे दाखवायचं काम तुमचंच. गाडीचा पूर्ण विमा असेल तर तिची कंपनी मालकाला पैसे देईल आणि तुमचा हलगर्जीपणा दिसला तर तेच पैसे तुमच्याकडून वसूल करायला येईल. गाडीला नुसता थर्ड पार्टी असेल तर मालक थेट तुमच्या शटरपुढे.

आता पॉलिसी. बँक स्वतःचं कर्ज बघते, म्हणजे तुमची यंत्रं आणि स्टॉक. लोकांच्या गाड्या त्यात आपोआप येत नाहीत. 'दुरुस्तीसाठी ताब्यात असलेला ग्राहकांचा माल' असं वेगळं लिहून घ्यावं लागतं. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' घेता येते. तिच्यात १५ टक्क्यांपर्यंत रक्कम कमी दाखवली गेली असली तरी क्लेम कापत नाहीत, ही सोय चांगली आहे. एक बारीक अट मात्र वाचा: शॉर्ट सर्किटने जे उपकरण जळालं त्याचे पैसे मिळत नाहीत, त्याच्यापासून पसरलेल्या आगीत बाकी जे गेलं त्याचे मिळतात. शेजारी गादीवाला किंवा सरकीवाला असेल तर पब्लिक लायबिलिटी, म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारी पॉलिसी, घ्याच. पोऱ्यांसाठी कामगार भरपाईची पॉलिसी वेगळी.

खरी गोम प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे विम्याच्या अर्जात असते. हप्ता कमी बसावा म्हणून एजंट 'ऑटो पार्ट्सचं दुकान' असं लिहून मोकळा होतो. तुम्ही 'लिथियम बॅटरी दुरुस्ती व चार्जिंग' हे शब्द टाकायलाच लावा. दोन पैसे जास्त जातील, पण धंदा लपवला म्हणून क्लेम नाकारायला जागा राहणार नाही.

आगीचं म्हणाल तर सगळ्यात वाईट सवय बीएमएस, म्हणजे बॅटरीला जादा चार्जिंगपासून वाचवणारं सर्किट, डायरेक्ट (बायपास) करून देण्याची. गिऱ्हाईक म्हणतं, "गाडी मधेच बंद पडते, करा की डायरेक्ट." नाही म्हणा, आणि जॉबकार्डावर तसं लिहून सही घ्या. दुसरं चार्जरचं. एलएफपी आणि एनएमसी हे लिथियम बॅटरीचे दोन प्रकार. १६ सेलच्या एलएफपी पॅकचा चार्जर ५८.४ व्होल्टला थांबतो, १३ सेलच्या एनएमसीची हद्द ५४.६. प्लग बसतो म्हणून पहिल्याचा चार्जर दुसऱ्याला लावला आणि बीएमएस बायपास असेल, तर सेल फुगून पेटू शकतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, उन्हातून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नका. शटर ओढल्यावर आत काहीही चार्जिंगला नको. फुगलेला, मार लागलेला किंवा पाण्यात बुडालेला पॅक रात्री आत ठेवायचाच नाही. बाहेर, उघड्यावर, भिंतीपासून दूर.

आग विझवायचा पावडरचा सिलिंडर भिंतीवर असू द्या, वायरिंगच्या आगीला तो कामाचा. पेटलेल्या पॅकची ज्वाळा त्याने दबते, पण आतली उष्णता उतरत नाही आणि पॅक पुन्हा पेटतो. त्याला भरपूर पाणी लागतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्याची गत काय असते ते लातूरकरांना विचारा, २०१६ मध्ये त्यांना रेल्वेने पाणी आणावं लागलं. म्हणून दोनशे लिटरचा ड्रम कायम भरलेला ठेवा. सुटा पॅक नुसता तापतोय तोवरच त्यात बुडवायचा. धूर सुटला की हात लावू नका, तो विषारी असतो. बाहेर पळा आणि १०१ लावा. अर्थिंगच्या खड्ड्यातही उन्हाळ्यात पाणी घालत जा, माती सुकली की अर्थिंग नावालाच उरतं.

एजंट फोनवर "ते सगळं येतं की त्यात" म्हणाला, तर तेच वाक्य कंपनीच्या मेलवर मागवा. मेल आल्याशिवाय हप्ता भरू नका.