गॅरेजचा कट्टा: फिएटला एअर सस्पेन्शन लावू का?

प्रश्न: दादा नमस्कार, आमच्याकडे आजोबांची 1971ची फिएट 1100 आहे, अजून चालू कंडिशनमध्ये. घरचे पाच जण बसून सिमरोल घाटातून ओंकारेश्वरला निघालो की मागून पार खाली बसते आणि प्रत्येक ब्रेकरला सायलेन्सर घासतो. एक मेकॅनिक म्हणतो पाटे (लीफ स्प्रिंगा) काढून टाकू, चारही चाकांना एअर बॅग, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेचे रबरी फुगे लावू, बटण दाबलं की गाडी वर. शिवाय जुन्या गाड्यांच्या शोमध्ये खाली बसवली की भारी दिसेल. लावू का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: दिसेल भारी, त्यात वादच नाही. पण मेकॅनिकला आधी एकच विचारा, पाटे काढल्यावर मागचा ॲक्सल, म्हणजे मागची दोन चाकं जोडणारा दांडा, धरणार कोण? फिएटला मागे पाटे आहेत आणि ते नुसतं वजन उचलत नाहीत, ॲक्सल पुढे-मागे किंवा आडवा सरकू नये हे कामही तेच करतात. एअर बॅग फक्त वजन उचलते, म्हणून पाटे गेले की लिंक रॉड आणि आडवा पॅनहार्ड रॉड लावावाच लागतो, आणि तुमच्या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते, तेव्हा पन्नास वर्षांच्या गंजक्या पत्र्यावर ब्रॅकेट वेल्ड करायला कुणी कितीही मोठं नाव घेऊन आला तरी मी हो म्हणणार नाही. उत्तर ऐकून तो नुसता हसला तर गाडी घेऊन सरळ घरी या.

दुसरं म्हणजे करंट. बॅगांत हवा भरणारा छोटा कॉम्प्रेसरसुद्धा वीसेक अँपिअर सहज ओढतो, आणि तुमच्या गाडीत वीज बनवायला अजून जुना डायनॅमो असेल तर तो आयडलला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन चालू असताना, जवळपास काहीच देत नाही, मग घाटात रात्री हेडलाइट पिवळे पडणार. आधी डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, मग वेगळी वायर, रिले, फ्यूज, डिकीत हवेची टाकी, हा सगळा खर्च मेकॅनिकने सांगितलाय का?

आणि कागदपत्रं! 2021च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण मूळ रूपात असेल तरच. तशी नोंदणी केली की गाडी रोज वापरता येत नाही हेही लक्षात ठेवा. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बदलांना आडवं येतं ते वेगळंच. शोमधले जजही ओरिजिनल काय ते बघतात, बटणं नाही.

मी तुमच्या जागी असतो तर आधी पाटे उतरवून घेतले असते. इतक्या वर्षांत त्यांची कमान सपाट होते, ती परत मारून घेता येते, गरज असली तर एक पान वाढवा, शॅकलचे (पाट्याचं टोक बॉडीला जोडणाऱ्या कडीचे) बुश आणि शॉकअप नवे टाका. माझ्या मते तुमचं ऐंशी टक्के दुखणं इथेच जाईल. तरी हवा हवीच असेल तर पाटे ठेवून त्यांच्या जोडीला मागे दोन छोट्या हेल्पर बॅगा लावा, हवा पंपावर भरता येते, कॉम्प्रेसर नको नि काही नको, आणि नको झालं की बोल्ट खोलून काढता येतं. फक्त बॅग सायलेन्सरला किंवा टायरला घासत नाही ना ते गाडी भरलेली असताना बघा. पुढच्या कॉइल स्प्रिंगांना हात लावू नका.

तसं हे फॅड नवं नाही, 1957ला कॅडिलॅकने एल्डोराडो ब्रूममध्ये एअर सस्पेन्शन दिलं होतं आणि गळतीला कंटाळून बऱ्याच मालकांनी पुढे साध्या कॉइल स्प्रिंगा बसवून घेतल्या.

प्रश्न: माझ्या एअर सस्पेन्शनवाल्या जुन्या गाडीची एक बाजू सकाळी खाली बसलेली असते, कॉम्प्रेसर बदलू का?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर: नका बदलू, आधी गळती शोधा. गाडी वर घेऊन त्या बाजूची बॅग, पाइपाचे जोड आणि व्हॉल्व्ह यांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे दिसतील तिथे गळती. बॅगेच्या घडीत बारीक चिरा पडतात, ती जागा नीट बघा. गळती तशीच ठेवून नवा कॉम्प्रेसर टाकलात तर सतत चालून तोही जळेल. आणि टाकी असेल तर तिच्यातलं पाणी अधूनमधून काढत जा, विशेषतः पावसाळ्यात.