उंची वाढवणारी पावडर हवीच म्हणतो

प्रश्न: ताई, माझा मुलगा तिसरीत आहे, जाहिरातीत बघून चॉकलेटच्या पावडरीचा डबा हवाच म्हणून हट्ट धरतो, ती प्यायली की उंची वाढते म्हणे. नाही म्हटलं तर दिवसभर तोंड फुगवून बसतो. काय करू?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर: अगं, नुसतं नाही म्हणू नकोस, पुढच्या वेळी मेन रोडला किराणा घ्यायला जाशील तेव्हा त्यालाच डबा हातात दे आणि मागचं बारीक अक्षरातलं वाचायला लाव. घटकांची यादी वजनाच्या क्रमाने असते, जे जास्त ते आधी, त्यामुळे साखर कितव्या नंबरवर आहे ते त्यालाच शोधू दे. मग डब्यावर १०० ग्रॅममध्ये जेवढी साखर लिहिली असेल तेवढी घरातली साखर चमच्याने मोजा, साधारण ४ ग्रॅमचा एक चमचा धर, आणि तो ढीग ताटलीत त्याच्यासमोर ठेव. पोरांना असले हिशोब भारी आवडतात, आपल्या लेक्चरपेक्षा तर नक्कीच!

आणि जाहिरात लागली की विचार, हे सांगायचे पैसे कोण देतंय, त्यातला मुलगा उंच झाला ते पावडरीने की आधीच उंच मुलगा निवडला? २०२२ च्या सरकारी नियमांनुसार पुराव्याशिवाय बुद्धी किंवा ताकद वाढते असं मुलांच्या जाहिरातीत म्हणता येत नाही, २०२४ मध्ये तर असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नका असं ऑनलाइन दुकानांना सांगितलं गेलं. फसवी जाहिरात दिसली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर तक्रार करता येते, फोन त्याच्यासमोरच लाव. हट्ट लगेच थांबेल असं नाही हं, यूट्यूबवाले आहेतच.